गाव कोणते म्हणायचे?

गेल्या वर्षीच्या आषाढी वारीतली गोष्ट आहे. दुपारचा विसावा होता. भाकरी खाऊन मंडळी झाडाखाली टेकली होती आणि दिंडीतला एक कॉलेजात शिकणारा मुलगा वहीत यादी करीत होता. नाव, वय, गाव, घरच्यांचा फोन. वाटेत कोणी चुकले, आजारी पडले, तर घरी कळवता यावे एवढाच त्यातला हेतू. करीत करीत तो आमच्या तात्यांपाशी आला. तात्यांचे वय ऐंशीच्या घरातले. त्यांनी नाव सांगितले, वय सांगितले, गावही सांगितले. मुलाने ते मोबाइलच्या नकाशात शोधले आणि हसून म्हणाला, "तात्या, इथं तर नुसतं पाणी दिसतंय." शेजारी तात्यांचा लेक बसला होता. तो जरा चिडूनच म्हणाला, "तात्या, जुनं नाव कशाला सांगता? कागदं जुळत नाहीत मग. आपल्या वसाहतीचं नाव सांगा."

तात्या काही बोलले नाहीत. रात्री कीर्तन आटोपल्यावर मी उपरण्याची घडी करीत होतो, तेव्हा जवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, तुम्ही शास्त्र शिकलात. दुपारी मी खोटं बोललो का? आमचं गाव कोणतं म्हणायचं?"

तात्यांचे गाव आणि माझे गाव एकच. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. त्या जलाशयाला नाथमहाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली शंभरावर गावे त्यात गेली. आमचे त्यांतलेच एक. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेन. त्या पाण्याने किती शिवारे भिजली, किती शहरांची तहान भागली, हे मी जाणतो. माझ्या पुतण्याची मोसंबी आज त्याच कालव्यावर उभी आहे. तेव्हा धरणावर रुसून हा लेख लिहीत नाही.

त्या रात्री मी तात्यांना म्हणालो, "तात्या, वारकऱ्याचं गाव पंढरी." ते "बरं" म्हणाले आणि उठून गेले. पण माझे मलाच ते उत्तर रुचले नाही. उत्तर कीर्तनातले होते, आणि त्यांनी विचारले होते ते वहीतल्या रकान्याचे. वारीहून परत आल्यावर मी जुनी पुस्तके काढली आणि आपण आपल्या ठिकाणाला ज्या ज्या शब्दांनी हाक मारतो ते शब्द एकेक करून तपासले. जे हाती लागले ते वाचकमाउलींपुढे ठेवतो.

आधी पत्रावरच्या शब्दापासून सुरुवात करू. आपण पत्त्यात ‘मु. पो.’ लिहितो. मु. म्हणजे मुक्काम. हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. उभे राहण्याची, थांबण्याची जागा असा त्याचा अर्थ. पालखीचा मुक्काम आणि पत्त्यातला मुक्काम हे शब्द दोन नाहीत. सात पिढ्या एकाच वाड्यात काढलेला मनुष्यसुद्धा पत्त्यात स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी इथे थांबलो आहे. कीर्तनात हे सांगितले की लोक हसतात. असो.

याच वाटेने आलेले आणखी तीन शब्द आहेत. पहिला मुलूख. मालक आणि मलिक ज्या अरबी धातूचे, त्याचाच हा. ज्यावर सत्ता चालते, जे ताब्यात असते, तो मुलूख. दुसरा वतन. याची गंमत अशी की अरबीत आणि उर्दूत वतन म्हणजे राहते ठिकाण, मायभूमी. मराठीत आल्यावर मात्र त्याला जमीन आणि हक्क चिकटले. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महारांचे वतन. गावाची चाकरी करायची आणि त्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या जमीन किंवा बलुते खायचे, असा व्यवहार झाला. त्यात कोणाला मान मिळाला आणि कोणाच्या वाट्याला नुसती राबणूक आली, हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि महाराष्ट्राच्या १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली. तिसरा शब्द मिरास. वारस, विरासत यांचा हा भाऊबंद. ज्याची जमीन वारसाहक्काची तो मिरासदार, आणि जो बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसतो तो उपरी. उपरा हा आजचा शब्द याच कुळातला.

नव्या गावठाणात आम्ही गेलो तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तिथले जुने रहिवासी वाईट नव्हते. पहिल्या रात्री त्यांनीच पिठले-भाकरी दिली. पण पुढे पाण्यावरून, चराऊ रानावरून शब्द वाढला की कोणीतरी म्हणे, "उपऱ्यांनी बोलू नये." आमच्या वडिलांकडे जुन्या गावी मिरासी जमीन होती. त्यांना तो शब्द काट्यासारखा रुते.

मुलूख, वतन आणि मिरास हे तिन्ही शब्द मातीवरच्या हक्काचे आहेत. हक्क आहे तोवर शब्द खरा. हक्क कायद्याने जातो, विक्रीने जातो, पाण्यानेही जातो. तात्यांच्या सातबाऱ्यावर आज ती जमीन नाही. या तीन शब्दांच्या हिशेबाने त्यांच्या लेकाचे म्हणणेच बरोबर ठरते.

आता संस्कृत शब्दांकडे वळू. देश हा शब्द दिश् धातूवरून आला. दिश् म्हणजे दाखवणे. दिशा, निर्देश, आदेश, उपदेश, संदेश ही सगळी याच घरची लेकरे. बोट करून जे दाखवता येते तो देश. आपल्या मराठीत तर घाटावरचे पठार म्हणजे देश आणि खाली कोकण. देशस्थ म्हणतात तो त्यावरून. हिंदुस्थानाला देश म्हणण्याची सवय फार नंतरची आहे. तात्यांनी बोट केले तर ते पाण्याकडे जाते, तेव्हा देश या शब्दाशीही आमचे काही जमेना.

जन्मभूमीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आम्हा कीर्तनकारांचा तो आवडता विषय. जननी आणि जन्मभूमी यांना स्वर्गाहून थोर म्हणणारे एक वचन रामायणातले म्हणून आम्ही छातीठोक सांगतो. मीही चाळीस वर्षे सांगितले. बडोद्याच्या पंडितांनी वाल्मीकिरामायणाच्या पोथ्या ताडून जी चिकित्सित आवृत्ती काढली, तिच्या पाठात ते नाही. भाव खोटा ठरत नाही, पण वाल्मीकींचे नाव घेताना जीभ जरा सांभाळावी.

आणि मग मी गाव या शब्दापाशी आलो. तो इतका रोजचा की त्याची फोड करावी असे कधी मनातच आले नव्हते. ग्राम, प्राकृतात गाम, त्याचे आपले गाव. आमच्या लहानपणी जुन्या पुस्तकांत ‘गांव’ असा अनुस्वार दिसे. तो ग्राममधल्या मकाराची आठवण होती. १९६२ च्या लेखननियमांनंतर आपण तो टिंब सोडला. गोव्याकडच्या कोंकणीत तो अजून कानाला ऐकू येतो.

पण ग्राम म्हणजे काय? आज आपल्या डोळ्यांपुढे घरे, देऊळ, वेस, पाणवठा असे चित्र येते. फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ माणसांचा जथा असा होता. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र आणि नद्या यांचा संवाद आहे. भरतांची टोळी गाई मिळवण्यासाठी निघाली आहे, पुढे विपाशा आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, दुथडी वाहत आहेत. विश्वामित्र नद्यांना विनवतो की जरा खाली व्हा, आम्हाला उतार द्या. तिथे नदी ओलांडून जाणाऱ्या त्या लोकांना ग्राम म्हटले आहे. विचार करा, गाव नदी ओलांडते आहे! घरे काही नदी ओलांडीत नाहीत. म्हणजे बरोबर चालणारी, बरोबर खाणारी, बरोबर तळ ठोकणारी माणसे हाच पहिला ग्राम. पुढे ती माणसे एका जागी वसली आणि जागेला तेच नाव पडले.

हा समूहाचा अर्थ संस्कृतातून कधीच पुसला गेला नाही. गीतेत इंद्रियग्राम आहे, भूतग्राम आहे. तिथे कोणी खेडे समजत नाही. गवयांकडे स्वरांचा समूह म्हणजे ग्राम. दोन जथे समोरासमोर आले की संग्राम, असा त्या शब्दाचा उलगडा पंडित करतात.

आमच्या गावच्या पाण्याला हा अर्थ लावून पाहिला. गावातली साठ-सत्तर घरे वसाहतीत आली, काही औरंगाबादेस (आता २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) गिरणी-कारखान्यांत गेली, काही नेवाशाकडे पांगली. पण आषाढीत दिंडी आजही त्या जुन्या गावच्या नावानेच निघते. पताकेवर तेच नाव आहे. वीणा तोच आहे, त्याची खुंटी दोनदा बदलली एवढेच. म्हणजे वैदिक अर्थाने आमचा ग्राम अजून चालतो आहे. वर्षातून वीस-बावीस दिवस का होईना.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तात्यांचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. चालणे आले, मंडळी आली, तरी रकान्यात नाव लिहायचे ते एका ठिकाणाचे. ते ठिकाण कोणते? याचे उत्तर पाणिनीने दिलेले आहे, आणि ते मी पाठशाळेत विसाव्या वर्षी घोकलेले होते. घोकलेले सगळेच वेळेवर आठवते असे नाही.

अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात लागोपाठ दोन छोटी सूत्रे आहेत. माणसाला गावावरून नाव कसे पडते, मथुरेचा तो माथुर कसा होतो, हे तिथे सांगितले आहे. पहिले सूत्र म्हणते की ते गाव त्याचा निवास असेल तर हा प्रत्यय लावावा. दुसरे म्हणते की ते त्याचा अभिजन असेल तरीही लावावा. आमचे गुरुजी इथे थांबून विचारायचे, "दोन सूत्रं कशाला? एकात का भागलं नाही?" पतंजलींनी महाभाष्यात हीच शंका काढली आहे. निवास आणि अभिजन यांत फरक काय? त्यांचे उत्तर सरळ आहे. जिथे आज आपण राहतो तो निवास. जिथे आपले पूर्वज राहत होते तो अभिजन. आणि नाव दोन्हींवरून पडते. मथुरेत राहणारा माथुर खरा, आणि ज्याचे आजे-पणजे मथुरेचे, तो स्वतः कुठेही राहो, तोही माथुर खराच.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैयाकरणाला माहीत होते की माणसाला दोन गावे असतात. आजच्या वहीत मात्र रकाना एकच.

अभिजन या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वजांचे ठिकाण, त्यावरून कुळ, त्यावरून थोर कुळ, आणि आता मराठीत अभिजन म्हणजे वरच्या थरातले, शिकलेसवरलेले लोक. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो अभिजातही याच जन् धातूचा. एवढ्या मोठ्या शब्दाच्या बुडाशी वाडवडिलांचे एक साधे गावठाण आहे.

ही जोडी हातात घेऊन संतांकडे पाहावे. नामदेवरायांचे घराणे मूळचे नरसी बामणीचे, आताच्या हिंगोली जिल्ह्यातले. निवास पंढरपूर. उत्तरायुष्यात ते पंजाबात घुमानला राहिले, तिथले लोक त्यांना आपले म्हणतात, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथे भरले. नरसीकर, पंढरपूरकर, घुमानकर, कोणाचा दावा खोटा म्हणाल?

माउलींचे तर याहून मनाला लागणारे आहे. त्यांचे घराणे आपेगावचे. हे गाव पैठणच्या पूर्वेला गोदाकाठी आहे, आमच्या बाजूचेच. जन्म आपेगावी झाला की आळंदीस, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. ज्ञानेश्वरी झाली नेवाशात, शके १२१२ ला. आणि नाव जोडले गेले ते आळंदीशी. ही आळंदी कोण? चरित्रपरंपरा सांगते की रुक्मिणीबाई आळंदीच्या सिद्धोपंतांची लेक. म्हणजे आळंदी हे माउलींच्या आईचे माहेर.

इथे माहेर शब्दाची फोड केलीच पाहिजे. मातृगृह, म्हणजे आईचे घर, ते झिजून माहेर झाले. सासर म्हणजे श्वशुरगृह, सासऱ्याचे घर. उत्तरेकडे माहेराला पीहरही म्हणतात. त्यात पितृगृह आहे. आपण मराठी माणसांनी मात्र ते घर बापाच्या नावे केले नाही, आईच्या नावे केले. आणि एकनाथमहाराजांसारख्या पुरुषांनीसुद्धा पंढरीला आपले माहेर म्हटले. वतन म्हणाले असते तरी चालले असते. मिरास हा शब्द पंढरीसाठी अभंगांत आलेलाही आहे. पण वारकऱ्याच्या तोंडी बसले ते माहेर. कारण माहेरावर सातबारा नसतो. तिथे राहायचे नसते. तिथून मूळ येते, मुऱ्हाळी न्यायला येतो, चार दिवस जायचे, डोळे भरून पाहायचे आणि परत कामाला लागायचे. वारीचा हिशेब नेमका हाच आहे.

हे लिहिताना मला आईची आठवण झाली. तिचे माहेर आमच्या समोरच्या तीरावर होते. गोदावरीला उतार असला की ती पायी जाऊन संध्याकाळी परत येई. तेही गाव पाण्यात गेले. नव्या वसाहतीत पहिले वर्षभर आमचे वडील, चुलते, सगळे पुरुष गप्प गप्प असत. घराच्या भिंती अंगावर येतात म्हणत. झोप लागेना. एकदा वडील जेवता जेवता म्हणाले, "इथं आपलं असं काहीच नाही गं." आई भाकरी थापीत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्ही पंधराव्या वर्षी हेच सोसलं. तुम्हाला चाळिशीत आलं, म्हणून जड जातंय." वडिलांनी ताटावरून मान वर केली नाही. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पुरुषाचा निवास आणि अभिजन पिढ्यान्‌पिढ्या एकच होते, म्हणून त्याला दोन सूत्रांची गरजच पडली नव्हती. बाईला मात्र लग्नाच्या दिवसापासून दोन्ही ठाऊक असतात.

आणखी एक शब्द राहिला, पांढरी. आपल्या खेड्यांत पिकाची जमीन ती काळी आणि घरे बांधतात ती पांढरी. घरांच्या पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती जागा खरोखरच पांढुरकी दिसते. पांढरीची म्हणून शपथ घेत, पांढरीला नारळ फोडीत. मोबदला देताना काळी मोजता येते. पांढरीतल्या घरांचे खण मोजतात, पण खुद्द पांढरी कशी मोजणार? पांढरी आणि पंढरी हे शब्द कानाला जवळचे आहेत, आणि मी कीर्तनात ते शेजारी बसवतो. व्युत्पत्ती म्हणून मात्र कोणी तसे लिहू नये. ध्वनी जुळला म्हणजे गोत्र जुळले असे होत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर फार आटला होता. तात्या आणि मी जीपने गेलो, पुढे पायी. मारुतीच्या देवळाचे जोते सापडले. आडाचे कडे सापडले. पण पांढरी कुठे दिसेना. सगळीकडे हात-हातभर काळा गाळ, आणि त्यावर कोणीतरी गाळपेर करून काकडी लावलेली. तात्यांचे घर होते तिथे वेल पसरले होते. राखणीला बसलेल्या पोराने विचारले, "बाबा, कुठले तुम्ही?" तात्या म्हणाले, "इथलाच." पोराने आम्हाला दोन काकड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत.

मागच्या कार्तिकीला मी तात्यांच्या घरी गेलो आणि त्यांना ही दोन सूत्रे समजावून सांगितली. निवास वसाहत, अभिजन ते गाव. दुपारी वहीवाल्याला तुम्ही सांगितलेत ते व्याकरणाला धरून होते, आणि तुमचा लेक म्हणाला तेही. तात्यांनी सगळे ऐकून घेतले. लेकही दारात उभा राहून ऐकत होता. मग तात्या म्हणाले, "मग महाराज, त्या पोराला सांगा, दोन रकाने आखायला."

यंदा त्याने आखले. पहिल्या रकान्यावर लिहिले ‘राहणार’ आणि दुसऱ्यावर ‘गाव’. पुरुषांपैकी निम्म्यांनी दुसऱ्या रकान्यात वरच्याचीच खूण केली. बायकांपाशी मात्र तो फार वेळ अडकला. एकेक मावशी माहेरचे नाव सांगे, मग त्या गावची नदी, मग तिथे आता कोण आहे, कोण नाही. वही संपली आणि दुसरी आणावी लागली.